२२ वर्षांनी आलेला दुसरा आवाज

प्रश्न असा आला आहे: "बॉब मार्लीचं 'टर्न युअर लाइट्स डाउन लो' मी दोन रूपांत ऐकलं. एक त्याचं एकट्याचं, १९७७ मधलं, आणि दुसरं लॉरिन हिलबरोबरचं, १९९९ मधलं. पण मार्ली तर १९८१ मध्येच गेला. मग हे युगुलगीत झालं कसं? नव्या ठेक्यामुळे मूळ गाणं बिघडलं असं वाटत नाही का? आणि आमच्या घरी आजोबांनी गायलेल्या भावगीतांची एक टेप आहे. तिच्यावर आईचा आवाज घालून असं काही करता येईल का?"

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून सलगच लिहितो. मी गेली सव्वीस वर्षं मुंबईत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. जुन्या टेप उतरवून घ्यायचं काम त्यात बरंच झालं. या गाण्याची दोन्ही रूपं मी नव्या मुलांना शिकवताना इतक्या वेळा लावली आहेत की त्यांच्याबद्दल माझी ठाम मतं तयार झाली आहेत.

आधी मूळ गाणं. मार्ली हा जमैकाचा, रेगे या तिथल्या संगीताचा गायक. ३ डिसेंबर १९७६ च्या रात्री जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, ५६ होप रोडवरच्या मार्लीच्या घरात बंदूकधारी शिरले. त्याच्या दंडाला गोळी लागली, बायको रिटाच्या डोक्याला लागली, आणि मॅनेजर डॉन टेलर तर मरता मरता वाचला. दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, मार्ली ठरल्याप्रमाणे 'स्माइल जमैका' कार्यक्रमात गायला आणि मग देश सोडून गेला. १९७७ च्या सुरुवातीला लंडनमध्ये त्यानं 'एक्झोडस' हा अल्बम केला. ३ जून १९७७ ला तो बाजारात आला. पहिल्या बाजूला गूढ आणि जड गाणी आहेत: पाप, परागंदा होणं, जुलूम करणाऱ्यांना दिलेले इशारे. रेकॉर्ड उलटली की सूर बदलतो. 'वेटिंग इन व्हेन' आणि 'थ्री लिटल बर्ड्स' यांच्या मधोमध हे गाणं येतं, जेमतेम साडेतीन मिनिटांचं.

त्यात मागणं फार थोडं आहे. दिवा मंद कर, खिडकीचा पडदा सरकव, चांदणं आत येऊ दे, आपल्या आयुष्यात पुन्हा येऊ दे. चंद्रसुद्धा नुसता चंद्र नाही, तो 'जा'चा, म्हणजे देवाचा चंद्र आहे. घरात घुसून कोणी गोळ्या झाडल्या त्याला काही महिनेच झाले आहेत, आणि हा माणूस खिडकीवरचा पडदा दूर करायला सांगतो आहे. मला हे गाणं ऐकताना ती रात्र आठवतेच. हे गाणं त्यानं सिंडी ब्रेकस्पियरसाठी लिहिलं असं सर्वत्र सांगितलं जातं. नोव्हेंबर १९७६ मध्ये लंडनला मिस वर्ल्ड झालेली ती जमैकन मुलगी. त्यांचा मुलगा डेमियन १९७८ मध्ये जन्मला, पुढे तोही मोठा गायक झाला. मार्लीच्या मागे साथीला गाणाऱ्या 'आय-थ्रीज' म्हणजे जुडी मोवॅट, मार्शिया ग्रिफिथ्स आणि रिटा मार्ली. कोणी कोणासाठी गायलं आणि मागे सूर धरून कोण उभं होतं, हे एकदा कळलं की साथीचे ते आवाज पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत.

आता ठेक्याकडे या, कारण तुमच्या 'बिघडलं का'चं अर्धं उत्तर तिथे आहे. रेगेचा पायाभूत ठेका म्हणजे 'वन ड्रॉप'. चार मात्रांतली पहिली मात्रा ड्रमर चक्क सोडून देतो आणि सगळं वजन तिसरीवर टाकतो. किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवरची काठी तिथे एकत्र पडतात. आपल्याकडे तबला शिकलेल्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. रूपकात समेवरच खाली असते ना? जिथे हात जोरात पडेल असं वाटतं तिथेच तो हलका होतो, आणि त्या हलकेपणामुळे पुढची मात्रा ओढून घेते. वन ड्रॉपचा स्वभाव तसाच. मार्लीच्या साथीच्या बँडचा, वेलर्सचा, ड्रमर कार्ल्टन बॅरेट हा या ठेक्याचा उस्ताद. त्याचा भाऊ ॲस्टन, ज्याला सगळे 'फॅमिली मॅन' म्हणत, बेसवर. गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर 'चक्' करून बाजूला होते. ऑर्गन त्या फटींत हळू बुडबुडत राहतो. चाल खरी बेस गातो, बाकीचे सगळे फक्त जागा सांभाळतात.

म्हणजे गाण्यात भरपूर मोकळं आहे. आणि शब्दांतही मोकळं आहे. तो मागतो, विनवतो, म्हणतो की तुला देण्यासाठी माझ्याकडे निरोप आहे. ती मात्र एक शब्द बोलत नाही. गाणं संपतं तेव्हा दिवा मंद झाला की नाही हेही आपल्याला कळत नाही. नव्या रूपातली सगळी करामत या एका गोष्टीवर उभी आहे. मूळ गाण्यात कोणाची तरी जागा रिकामी राहिलेली होती.

जमैकातल्या माणसांना जुन्या गाण्यात दुसऱ्या आवाजाला जागा करून देणं परकं नव्हतं. साठच्या दशकाच्या शेवटी तिथल्या साउंड सिस्टिमवाल्यांनी, म्हणजे ट्रकभर स्पीकर घेऊन वस्तीवस्तीत नाच लावणाऱ्यांनी, गाण्याचा आवाज काढून नुसती साथ वाजवायला सुरुवात केली. त्याला ते 'व्हर्जन' म्हणायचे आणि ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला यायचं. त्या साथीवर माइक घेतलेला माणूस बोलायचा, गायचा, टोमणे मारायचा. १९७० मध्ये यू-रॉय या अशाच माइकवाल्यानं ड्यूक रीडच्या ट्रेझर आइल स्टुडिओत पॅरागॉन्स या गायकगटाच्या 'वेअर यू टू द बॉल' या प्रेमगीतावर असंच केलं. मूळ गायकाच्या आवाजाचे तुकडे मिक्समध्ये राहू दिले, तो एक ओळ गातो आणि यू-रॉय तिला धावत उत्तर देतो. माझ्या हिशेबी रिमिक्स युगुलगीताचा तो पहिला सुंदर नमुना. तो ऐकल्याशिवाय १९९९ च्या गाण्यावर मत बनवू नका. पुढे याच किंग्स्टनमधून न्यूयॉर्कला गेलेला एक मुलगा, डीजे कूल हर्क, ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समधल्या १५२० सेजविक ॲव्हेन्यूच्या इमारतीत बहिणीच्या पार्टीला रेकॉर्ड वाजवत होता, आणि हिप-हॉपचा, म्हणजे ठेक्यावर यमकात बोलायच्या संगीताचा, जन्म तिथे झाला असं मानतात. म्हणजे १९९९ मध्ये मार्लीच्या गाण्याखाली हिप-हॉपचा ठेका आला, तेव्हा माहेरचंच माणूस घरी परतलं होतं.

तो अल्बम 'चँट डाउन बॅबिलॉन', मार्लीचा मुलगा स्टीफन यानं करवून घेतलेला. अमेरिकेतल्या हिप-हॉप ऐकणाऱ्या तरुण मुलांपर्यंत वडलांचं गाणं पोहोचावं हा त्यामागचा हेतू. एरिका बाडू, बस्टा राइम्स, राकिम, चक डी, एमसी लाइट, द रूट्स असे एकेक कलाकार एकेका गाण्यात आले. लॉरिन हिल या अमेरिकन गायिकेच्या वाट्याला हे गाणं आलं. तिचं नाव त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी होतं. 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'साठी फेब्रुवारी १९९९ मध्ये तिला एकाच रात्री पाच ग्रॅमी मिळाली होती. त्या अल्बमचं काही काम तिनं किंग्स्टनच्या टफ गाँग या मार्लीच्याच स्टुडिओत केलं होतं, आणि मार्लीचा मुलगा रोहन हा तेव्हा तिचा जोडीदार, तिच्या मुलांचा बाप. 'एक्झोडस' आला तेव्हा ती नुकती दोन वर्षांची झाली होती. स्टीफन पाच वर्षांचा होता. वडील गेले तेव्हा नऊ. सत्ताविसाव्या वर्षी त्यानं वडलांचा एकट्याचा आवाज स्पीकरवर लावून काम केलं.

हे 'एकट्याचा आवाज लावणं' म्हणजे काय, ते सांगतो. मल्टिट्रॅक टेपवर प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक गळा आपापल्या ट्रॅकवर वेगळा असतो. बाकी सगळे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा, खाली ओढले की फक्त गायक उरतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. श्वास, ओठ उघडल्याचा आवाज, ओळ संपल्यावर माइकपासून मागे झाल्याची चाहूल, आणि मागे अगदी बारीक, मुंगीच्या आवाजासारखी, हेडफोनमधून गळलेली साथ. तिला आम्ही 'ब्लीड' म्हणतो. नव्या ठेक्यावर जुना आवाज बसवताना ही गळती पहिली शत्रू. नवा ड्रम एकीकडे आणि आवाजाला चिकटलेला जुना ड्रम किंचित दुसरीकडे, असं झालं की कानाला कुठेतरी खटकतं, ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही.

दुसरी अडचण लयीची. वेलर्ससारखी मंडळी एकत्र बसून वाजवायची. माणसं वाजवतात तेव्हा लय श्वास घेते, ध्रुवपदाला थोडी चढते, अंतऱ्यात सैलावते. फरक अर्ध्या टक्क्याचा धरा. ३ मिनिटं ३९ सेकंदांच्या गाण्यात तो साचत गेला तर शेवटाला एका सेकंदाहून जास्त होतो. मिनिटाला ७५ मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.८ सेकंदांची. म्हणजे मशीनच्या नेमक्या ठेक्यावर जुना आवाज सरळ ठेवला तर गाणं संपेपर्यंत गायक एक अख्खी मात्रा चुकलेला असेल. म्हणून आवाज ओळीओळीनं तोडून जागच्या जागी बसवावा लागतो. इथे घाईनं काम करणारा संपादक गाण्याचा जीव घेतो, कारण मार्ली मात्रेच्या किंचित मागे रेलून गातो. ते रेलणं हाच त्याचा लडिवाळपणा. प्रत्येक अक्षर मात्रेवर आणून ठोकलं की विनवणीची सूचना होते. लॉरिनबरोबरच्या रूपात हे रेलणं शाबूत आहे, आणि ज्यानं कोणी ते सांभाळलं त्याला माझा नमस्कार.

तिसरी अडचण पट्टीची. युगुलगीत समोरासमोर बांधलं तर संगीतकार दोघांना पुरेल अशी पट्टी निवडतो. इथे पट्टी २२ वर्षांपूर्वीच ठरलेली. बहुतेक गायिकांना मार्लीची पट्टी एकतर खाली पडते किंवा वरच्या सप्तकात ओरडावं लागतं. लॉरिन हिलचा गळा मूळचाच खर्जाकडे झुकलेला, जाडसर आणि उबदार. ती त्याच्या शेजारी सहज बसते. कुठेही दोघांपैकी एक जण शिडीवर उभा आहे असं वाटत नाही.

पण तांत्रिक गोष्टी पैसे टाकले की सुटतात. मला मोलाची वाटते ती एकच गोष्ट: तिनं त्याच्याच ओळी वाटून घेऊन काम भागवलं नाही. ती स्वतःचे नवे शब्द घेऊन आली. तिच्या कडव्यात प्रेम म्हणजे दिवसभर पुन्हा पुन्हा लावलेलं गाणं, अगदी साडेतीन मिनिटांचं. ती त्या जुन्या गाण्याशीच बोलते आहे. इतकी वर्षं खिडकीखाली उभं राहून जो बोलत होता, त्याला आतून कोणीतरी उत्तर दिलं. मार्लीच्या आवाजाचे चार तुकडे करून त्यांची नुसती झालर लावलेली नाही. त्याला त्याचं बोलणं पूर्ण करू दिलंय.

याआधी १९९१ मध्ये नॅटली कोलनं आपल्या दिवंगत वडलांबरोबर, नॅट किंग कोलबरोबर 'अनफरगेटेबल' गायलं होतं. मुलगी वडलांच्या ओळी त्यांच्यासोबत गाते, आणि त्यात माया ओतप्रोत आहे. पण तिथे मुलगी जुन्या गाण्यात राहायला गेली. इथे लॉरिननं घराला एक खोली जोडली.

आता बिघडलं का? माझं मत स्पष्ट सांगतो. नव्या ठेक्यात काहीतरी हरवलं आहे. पहिली मात्रा भरली गेली, ठाम पाऊल पडलं, आणि रिकाम्या समेवरचा तो हलका झोका गेला. त्या झोक्यात अंधाऱ्या खोलीत चाचपडत पुढे येण्याची भावना होती. रात्री एकट्यानं ऐकायला मी आजही १९७७ चंच लावतो. पण बिघडणं वेगळं आणि बदलणं वेगळं. एकट्याच्या विनवणीला डगमगता ठेका शोभतो. दोघं बोलायला लागली की पायाखाली जमीन थोडी घट्ट असलेलीच बरी. त्या अल्बममधल्या काही गाण्यांवर नवा आवाज वरून चिकटवल्यासारखा वाटतो, कारण मूळ गाण्याला जे म्हणायचं होतं ते आधीच म्हणून झालेलं होतं. तिथे रिकामी खुर्ची नव्हती. इथे ती होती.

आमच्याकडे नव्वदीच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हिंदी गाण्यांच्या रिमिक्सचं पेव फुटलं, त्या काळात मी उमेदवारी करत होतो. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात दोन वर्षं जुन्या गाण्याची नवी आवृत्ती ध्वनिमुद्रित करण्याची वाट होती, आणि जो तो त्या वाटेनं पळत होता. जुनी चाल, नवी मुलगी, खाली ढोल. मूळ गायकाला कोणी विचारलेलं नसायचं, आणि गाण्यात कोणती जागा रिकामी आहे याचा विचार तर कोणीच केलेला नसायचा. मीही त्यातली पुष्कळ गाणी मिक्स केली. आज त्यातलं एकही मी आपणहून लावत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं ती मुदत पाच वर्षांची केली आणि अटीही कडक केल्या.

आता तुमच्या आजोबांची टेप. सात-आठ वर्षांपूर्वी असंच एक कुटुंब माझ्याकडे रील घेऊन आलं होतं. घरच्याच रेकॉर्डरवर केलेलं वडलांचं गाणं, सोबत पेटी आणि तबला, सगळं एकाच माइकवर. रील कोकणातल्या घरी पत्र्याच्या पेटीत अनेक पावसाळे काढून आलेलं. डबा उघडला तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी, साखर भुरभुरल्यासारखी. आधी कोणीतरी ते तसंच मशीनवर चढवून पाहिलं होतं आणि सुरुवातीचा काही भाग खरवडून गेला होता. एक पूर्ण मुखडा त्यात गेला. तो परत येणार नव्हता.

म्हणून पहिली विनंती: टेप वाजते का हे बघायलासुद्धा घरी लावू नका. बुरशी कोरडी करून हळूवार पुसावी लागते, तोंडाला मास्क लावून. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही बनावटीच्या रीळ-टेपांचा लेप हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो, त्या साधारण ५४ अंश सेल्सिअसला काही तास शेकून मगच वाजवाव्या लागतात. कॅसेट असेल तर शेकायची गरज बहुधा पडत नाही, पण जुनी फोमची गादी गळून पडलेली असते आणि कवच बदलावं लागतं. एकदा नीट उतरवून घ्या, त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा, आणि मूळ उतरवलेल्या फाइलला कुठलाही परिणाम लावू नका. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा.

घरच्या टेपवर आवाज वेगळा नसतो. हल्लीची सॉफ्टवेअर गळा आणि साथ बऱ्यापैकी वेगळी करून देतात, पण पेटी गळ्याच्याच सुरांवर चालत असल्यामुळे तिचे कण आवाजाला चिकटून राहतात आणि शेवटची आकार-ओढ पाण्यातून आल्यासारखी ऐकू येते. त्या कुटुंबाला मी सांगितलं होतं तेच तुम्हाला सांगतो: वेगळं करूच नका. वडील, पेटी, तबला, खोलीतला पंखा, सगळं जसं आहे तसं राहू द्या. नवा ठेकाही घालू नका. मुलीनं ती टेप हेडफोनवर ऐकत गायची, टेपच्याच लयीत, आणि वडील जिथे थांबतात तिथेच. त्यांच्या दोन अंतऱ्यांमध्ये पेटीचा एक लांब तुकडा होता. तिनं तिथे एकच आलाप घेतला. पहिल्या चार टेकमध्ये ती त्यांच्यावर मात करायला बघत होती. पाचव्यात ती ऐकायला लागली, आणि तोच टेक आम्ही ठेवला.

पट्टी जमत नसेल तर आजोबांचा आवाज वर-खाली सरकवू नका. एका सुरानं सरकवला तरी ओळखीचा माणूस अनोळखी होतो. आईंनी खालच्या सप्तकात गावं किंवा फक्त शेवटच्या ओळीला सोबत करावी. टेप जुन्या मशीनवर जराशी जलद-सावकाश भरली गेली असेल तर मात्र आधी मूळ वेग शोधा. पेटीच्या सुरावरून तो बहुतेक सापडतो, कारण पेटीची पट्टी बदलत नाही. ती पेटी घरात अजून असेल तर सोबत घेऊन या.

हल्ली आणखी एक वाट निघाली आहे: गेलेल्या माणसाचा आवाज यंत्राला शिकवून त्याच्या तोंडी नवे शब्द घालायचे. २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं अंतरिम संरक्षण दिलं, ते जिवंत गायकाबद्दल होतं. गेलेल्या माणसाला तर कोर्टाची पायरी चढता येत नाही, म्हणून घरच्यांनीच जपायचं असतं. १९९९ च्या गाण्यात मार्ली जे गातो ते सगळं त्यानं स्वतः, स्वतःच्या श्वासानं गायलेलं आहे. नवं जे काही म्हटलं ते जिवंत बाईनं म्हटलं. ही रेघ मी ओलांडत नाही, आणि ओलांडायला सांगणारी कामं परत पाठवतो.

घरच्या घरी ऐकायला हे करायला काहीच अडचण नाही. पण यूट्यूबवर वगैरे टाकणार असाल तर ती भावगीतं कोणाची ते बघा. शब्दांचे आणि चालीचे हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतात. टेप आजोबांची असली तरी गाणं दुसऱ्याचं असू शकतं.

यायच्या आधी एक काम करा. आईंना टेपवरची गाणी आठवतात का ते विचारा, आणि त्यातल्या कुठल्या गाण्यात आजोबा कुठे थांबायचे, खोकायचे, पुढचे शब्द विसरून हसायचे, ते कागदावर लिहून घ्या. मशीन सुरू करण्याआधी मला तो कागद लागेल.